पुसलेलं गोंदण

मित्रांनो, माझं झाकण उघडलं की आधी बिजागरी कुरकुरते. मग बराच वेळ काहीच होत नाही. मग पोटातला पंखा दम लागलेल्या माणसासारखा घरघरू लागतो, आणि कुठे पडदा उजळतो. एवढ्यावरून माझं वय तुमच्या लक्षात आलंच असेल. मी म्हातारा झालेला लॅपटॉप आहे. कवठे येमाईला गौतमीच्या घरात, खिडकीखालच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येणार नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी रांजणगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. तिथे दिवसभर माझ्या पडद्यावर नट, बोल्ट आणि वॉशरचे आकडे भरले जात. काम प्रामाणिक होतं, पण त्यात रंग नव्हता. काही वर्षांनी नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना भंगाराच्या कोपऱ्यात रचून ठेवलं. माझ्या पाठीवर धूळ बसली, एका बाजूला उंदराने वायर कुरतडली. मला वाटलं, संपलं आपलं.

पण त्याच कारखान्यात महेंद्र नावाचा एक कामगार होता. भंगाराच्या लिलावात त्याने मला उचललं, अंगावरच्या शर्टाने पुसलं आणि मोटारसायकलला बांधून घरी आणलं. धाकट्या बहिणीच्या पुढ्यात ठेवत तो म्हणाला, "घे गौतमे. चालला तर तुझा, न्हाई चालला तर पोरांना खेळायला."

मी चाललो. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात रंग आला.

गौतमीने डिझाइनचं काम कुठल्या वर्गात जाऊन शिकलेलं नाही. व्हिडिओ बघून, चुकून, पुसून, परत करून ती शिकली. बारशाच्या पत्रिका, दुकानाच्या पाट्या, भीमजयंतीचे बॅनर, सगळं तिने माझ्यावरच केलं. पुढे तिने मराठीत एक ब्लॉगही सुरू केला. ज्यांना ब्लॉग लिहायचा आहे, पण चित्रं कशी करायची ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तो होता. फोटो हलका कुठे करावा, जुळणारे रंग कुठे सापडतात, फोटोमागची भिंत एका क्लिकवर कुठे पुसता येते, अशी फुकटची संकेतस्थळं ती स्वतः वापरून बघायची आणि मग सोप्या भाषेत लिहायची. कुडाळच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "ताई, तुमच्यामुळे माझ्या कोकम सरबताच्या बाटलीला नीट लेबल मिळालं." गौतमीने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा माझा पंखासुद्धा जोरात फिरला.

ते वाक्य ज्यांना वाचून दाखवलं त्या म्हणजे गौतमीची आई, ताईबाई. त्या माझ्या शेजारी भिंतीला टेकून शेंगा फोडत बसायच्या. "ह्या डबड्यात दिसभर काय दिसतं गं तुला?" असं विचारायच्या, आणि उत्तर मिळायच्या आत दुसऱ्याच गोष्टीकडे वळायच्या. कारण ताईबाईंना विसर पडू लागला होता. चुलीवर ठेवलेलं दूध त्या विसरत. आधी घरचे हे हसण्यावारी नेत. मग एकदा त्या रोजच्या विहिरीवरून भलत्याच वाटेने गेल्या, आणि घरातलं हसू थांबलं.

एकदा उजेडात फोटो कसा काढावा हे वाचकांना दाखवायला गौतमीने आईला अंगणात बसवलं होतं. मागे दोरीवर गोधडी वाळत होती. ताईबाईंच्या कपाळावर गोंदणाची हिरवी उभी रेघ होती आणि हनुवटीवर तीन ठिपके. उन्हात ते गोंदण स्पष्ट दिसत होतं. फोन भरला म्हणून तो फोटो माझ्याकडे आला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता जे घडलं ते सांगतो.

डोळे तपासायला गौतमी आईला घेऊन शिरूरला गेली होती. परतताना एस.टी. स्थानकावर आईला बाकावर बसवून ती पाण्याची बाटली आणायला वळली. परत आली तेव्हा बाक रिकामा होता. तिने फलाट धुंडाळले, बाहेरचा रस्ता पाहिला, उभ्या गाड्यांमध्ये चढून हाका मारल्या. महेंद्र कामावरून धावत आला. दोघांनी पोलिसांकडे नोंद केली. पोलिसांनी फोटो मागितला.

फोटो माझ्याकडे होता. गौतमी घरी आली ती चप्पल न काढता माझ्यापुढे बसली. हाताला सवय होती, आणि सवयीनेच ती कामाला लागली. एका संकेतस्थळावर तिने मागची गोधडी पुसली. दुसऱ्यावर चेहरा उजळ केला. त्या संकेतस्थळाला माणसाच्या चेहऱ्यावरचं काय ठेवावं आणि काय काढावं हे कोण शिकवणार? त्याने सुरकुत्या काढल्या, डोळ्यांखालची सावली काढली, आणि कपाळावरची हिरवी रेघ व हनुवटीवरचे ठिपके डाग समजून साफ करून टाकले. 'तुमचा फोटो तयार आहे,' असं म्हणून तो चेहरा त्याने परत पाठवला.

मला ते दिसत होतं, मित्रांनो. पण मला वाचा नाही. चूक दाखवायला माझ्याकडे फक्त एक लाल रेघ आहे, आणि ती शब्दांखाली येते, चेहऱ्याखाली येत नाही. गौतमीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यातून तिला आई दिसली, कारण ती आईलाच बघत होती. तिने ठळक अक्षरांत 'हरवल्या आहेत' लिहिलं, पिवळी चौकट घातली, आणि तेच चित्र पोलिसांना, नातेवाइकांना आणि सगळ्या गटांवर पाठवून दिलं.

चित्र भराभर पसरलं. त्याखाली लोक हात जोडत होते, 'लवकर सापडोत' म्हणत होते. एकाने तर विचारलं, "ताई, फाँट कोणता वापरला?" ते वाचून गौतमीने माझं झाकण दाणकन मिटलं. मला लागलं, पण मला राग आला नाही.

घरात कुणी पोटभर जेवलं नाही. महेंद्र मोटारसायकलवर गावं पालथी घालत होता. वढूला समाधीपाशी एक म्हातारी एकटी बसली आहे असं कुणी सांगितलं. तो तिथे जाऊन आला. ती दुसरीच कुणी होती, तिची माणसं जवळच होती. फोन वाजला की गौतमी दचकायची, आणि फोन ठेवला की तिचा चेहरा पडायचा. आई कुठल्या गाडीत बसली असेल, काही खाल्लं असेल का, रस्ता ओलांडताना... पुढचं ती बोलत नसे. झाकण पुन्हा उघडलं की माझ्या पडद्यावर मात्र तो गुळगुळीत चेहरा तसाच हसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नकुशीमावशी भाकरी घेऊन आल्या. मावशी आणि ताईबाईंनी उभी हयात एकमेकींच्या शेजारी खुरपणी केलेली. भाकरी ठेवता ठेवता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ही कोण गं?" त्यांनी विचारलं.

"असं काय करतीस मावशी? आई हाय की."

मावशी वाकल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ आल्या. "ताईबाई व्हय? मंग हिचं गोंदण कुठं गेलं? आन् ही एवढी तरणी कशानं झाली?"

गौतमीने पाहिलं. जणू पहिल्यांदाच पाहिलं. मग ती एवढंच म्हणाली, "मावशी, मीच पुसली गं तिला."

"पुसलीस तर परत काढ," मावशी म्हणाल्या. "रडायला मागनं येळ हाय."

गौतमी मूळ फोटो शोधू लागली, आणि तेवढ्यात वीज गेली. माझी बॅटरी कधीच मेली आहे; तारेतून वीज आली तरच मी जिवंत. पडदा काळा झाला. त्या काळोखात मला एकच धास्ती वाटत होती. अचानक बंद पडल्यावर माझी डिस्क पुन्हा उठेल का? कारण मागे एकदा ती उठली नव्हती, आणि महेंद्रने मला थापट्या मारून जागं केलं होतं.

गौतमीने मला छातीशी धरलं आणि ती धावत सुटली. गावात त्या वेळी इन्व्हर्टर चालू असायचा तो एकाच ठिकाणी, दूध संकलन केंद्रात. तिथे संपतआप्पा दूध मोजत होते आणि माणसं कॅन घेऊन रांगेत उभी होती.

"आप्पा, मला जरा प्लग द्या. आईचा फोटो काढायचाय ह्यातनं."

दुधातलं फॅट तपासायच्या मशिनची पिन आप्पांनी ओढून काढली. "लाव पोरी. दूध थांबंल घटकाभर."

मागून कुणीतरी म्हणालं, "आवो, पण ऊन चढतंय, दूध नासंल."

"नासू द्या," आप्पा म्हणाले. "तुमच्या आईचा फोटो असता तर?"

गौतमीने बटण दाबलं. मी उठायचा प्रयत्न केला. डिस्क एकदा खरखरली आणि थांबली. पुन्हा खरखरली. सगळी रांग माझ्याभोवती वाकून बघत होती. मला लाज वाटत होती आणि भीतीही. तिसऱ्यांदा डिस्क फिरली, आणि फिरत राहिली.

फोटो सापडला. अंगण, गोधडी, सुरकुत्या, हिरवी रेघ, तीन ठिपके. गौतमीने त्याला हात लावला नाही. ना चौकट, ना रंग. खाली साध्या अक्षरांत नाव, गाव, फोन नंबर आणि 'कपाळावर व हनुवटीवर गोंदण, बोलताना विसरतात' एवढंच लिहिलं. मग तो फोटो फोनवर घेऊन तिने पोलिसांना आणि सगळ्या गटांवर पाठवला. रांगेतल्या प्रत्येकाने तो आपापल्या फोनवरून पुढे धाडला.

दुपारी फोन आला. गौतमीने स्पीकर लावला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सलाम ताई. मी केडगाववरनं राहेल बोलते. स्टेशनजवळ ऱ्हाते. तुमची आई माझ्याकडं हाय."

गौतमीने विचारलं, "कशी हाय ती?"

"अंगात ताप हाय, पण बोलत्यात. चौफुल्याच्या फाट्यावर यस्टीतनं उतरून चालत आल्यासारख्या वाटल्या, पाय सुजलेत. सारखं 'गौतमे, दूध उतरीव' म्हणत्यात. तेवढं येकच नाव घेत्यात, सोताचं नाव-गाव सांगता यीना." मग राहेलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमचं पयलं चित्र मला त्याच दिवशी आलं व्हतं. पोलीस चौकीवर बी त्येच व्हतं. मी ते त्यांच्या तोंडाशेजारी धरून बगितलं. म्हटलं, न्हाई, ही ती न्हाई. म्हून उद्या त्यांना पुण्याला आश्रमात धाडायचं ठरत व्हतं."

गौतमीने तोंडावर पदर घेतला. महेंद्रने फोन घेतला आणि "निघालोच आम्ही बाई" म्हणाला.

संध्याकाळी ताईबाई घरी आल्या. राहेलबाईंनी त्यांच्या पायांना फडकी बांधून दिली होती. पायरीवर त्या क्षणभर थांबल्या. घर ओळखीचं वाटलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण गौतमीने हात धरला तशा त्या आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

पुढे गौतमीने आपल्या ब्लॉगवर त्या चेहरा उजळणाऱ्या संकेतस्थळाबद्दलचा लेख पुन्हा लिहिला. मिठाईच्या दुकानाच्या पाटीला ते खुशाल वापरा, असं तिने लिहिलं. माणूस शोधायचा असेल तर त्याचं तोंड कुणाला साफ करू देऊ नका.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. साधनं चांगली आहेत. मीही एक साधनच आहे. पण आम्हाला तुमच्या माणसांतलं डाग काय आणि ओळख काय हे कळत नाही. ते तुम्हीच बघायचं. आणि मूळ फोटो कधी टाकून देऊ नका.

शेवटी मनातली काळजी सांगतो. त्या दिवसापासून माझी डिस्क रोज खरखरते. फोन पुन्हा भरला तेव्हा त्यातली प्रत गेली, आणि गटांवरचा फोटो पाठवता पाठवता लहान आणि धुरकट झाला. अंगणातला मोठा, लख्ख फोटो अजून फक्त माझ्याच पोटात आहे. "त्याची एक प्रत काढून ठेवायला पाहिजे," असं गौतमी रोज म्हणते, आणि मग आईला औषध द्यायला उठते. मी तिला दोष देत नाही. पण रोज झाकण मिटताना मला वाटतं, उद्या हे उघडेल तेव्हा मी उठेन ना?

तुमच्या घरीही असा एखादा म्हातारा असेल. त्याच्या पोटात काय आहे ते बघा. प्रत काढा. उद्या नको, आज काढा.