अकरा डबे आणि एक नाणे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, असे सांगितले की ऐकणारा प्रथम माझ्या पोटात काय आहे ते विचारतो. माझ्याविषयी कोणी विचारीत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या पोटात वस्तू ठेवावयाच्या, त्याची ओळख त्या वस्तूंवरूनच होणार, हा जगाचा न्याय आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, तो कडक झाला आणि वरून पांढरा रंग दिला. एवढेच माझे बालपण. त्यानंतर मला आगगाडीने सस्कॅचेवान प्रांताच्या मैदानी मुलखात पाठविण्यात आले. जेथे पाच महिने अंगणच गोठलेले असते, तेथे मला विकत घेणारा मनुष्य भेटेल असे मला वाटले नव्हते. पण भेटला. त्याचे नाव ओरेस्त बाबियुक. तो गव्हाची शेती करीत असे. त्याने व त्याच्या तीन शेजाऱ्यांनी मला उचलून तळघरात उतरविले, तो प्रसंग मला आठवतो.

"ओरेस्त, एवढं मोठं धूड? गावजेवण घालणार की काय?" वसिल नावाचा शेजारी धापा टाकीत म्हणाला.

"मला काय विचारतोस? आत काय जाणार ते स्टेफ्का ठरवणार. मी नुसता वाहणारा बैल."

"आणि खाणारा बैलही तूच!" जिन्याच्या वरून त्याची बायको म्हणाली.

ती स्टेफ्का. त्या दिवसापासून अडतीस वर्षे माझे झाकण बहुतांशी तिच्याच हाताने उघडले.

तिच्या हाताखाली मी जे शिकलो, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ती गरम भांडे माझ्यात कधी ठेवीत नसे. एक गरम भांडे शेजारच्या चार थंड डब्यांना बिघडविते, असे तिचे मत होते. बटाट्याचे सारण भरलेल्या, करंजीसारख्या पिरोही ती पिशवीत एकदम कोंबीत नसे. पीठ भुरभुरलेल्या ताटात त्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडावयाच्या, ताट माझ्यात ठेवावयाचे, आणि त्या खड्यासारख्या झाल्या की मग पिशवीत भरावयाच्या. अशाने हव्या तेवढ्याच काढता येतात. शेपू बारीक चिरून ती बर्फाच्या साच्यात पाण्याबरोबर गोठवी, आणि जानेवारीत बीटच्या सुपात, म्हणजे बोर्श्तमध्ये, त्यातली एक वडी टाकी. डब्यावरची चिठ्ठी ती शिसपेन्सिलीने लिही. शाईने ओल धरली की ती पसरते. शिसपेन्सिल पसरत नाही.

एकदा ओरेस्तने मदत करावयाची म्हणून कोंबडीचे सूप काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवले. सकाळी बरणी फुटलेली होती.

"दोन बोटं जागा सोडायची असते," काचा वेचताना स्टेफ्का म्हणाली. "पाणी गोठलं की फुगतं. तुझ्या डोक्यासारखं नाही. ते गोठलं तरी तेवढंच राहतं."

"पुन्हा हात लावणार नाही," ओरेस्त म्हणाला.

हे त्याने थट्टेत म्हटले होते. पण ते त्याने पाळले. पुढे जवळजवळ तीस वर्षे त्याने स्वयंपाकातल्या कशालाच हात लावला नाही.

स्टेफ्काची आणखी एक रीत होती. माझ्या एका कोपऱ्यात ती पाण्याचा पेला ठेवी. पाणी गोठले की बर्फावर पंचवीस सेंटचे एक नाणे ठेवी. आमच्याकडे वादळाने वीज जाते आणि घरी कोणी नसताना परतही येते. मग आतले अन्न वितळून पुन्हा गोठले की काय, हे नुसते बघून कळत नाही. नाणे वर असेल तर अन्न चांगले. नाणे तळाला गेले असेल तर मधल्या काळात सारे वितळले होते, असे समजावयाचे आणि टाकून द्यावयाचे. तिची मुलगी लेस्या लहान असताना एकदा डबा हुंगून पाहू लागली, तेव्हा स्टेफ्काने तिच्या हातावर चापट मारली होती.

"वासावर जायचं नाही. वास खोटं बोलतो. नाणं सांगेल ते ऐकायचं."

गेल्या वर्षीच्या वसंतात डॉक्टरांनी स्टेफ्काला काहीतरी सांगितले. ते मला कोणी कळविले नाही. मला ते तिच्या स्वयंपाकावरून कळले. आठवड्यापुरते रांधणारी बाई एकाएकी वर्षाचे रांधू लागली. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळलेली होलुप्ची, सूप, बोर्श्त, मांसाचा रस्सा. एका माणसाच्या एका जेवणाचा एक डबा. जिना उतरताना ती मध्ये थांबू लागली. डबे मात्र थांबले नाहीत.

एकदा तिने ओरेस्तला हाक मारली.

"खाली ये जरा. कुठे काय लावलंय ते बघून ठेव."

"मग बघतो. कुंपणाची तार सुटलीय."

"कुंपण कुठे पळून जात नाही, ओरेस्त."

तो कुंपणाकडे गेला. तिने माझ्या काठावर हात टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. झाकण उघडे होते. माझी थंडी बाहेर जात होती. तिने आयुष्यात प्रथमच ती जाऊ दिली.

त्यानंतर तिच्या चिठ्ठ्या लांब होऊ लागल्या. "आदल्या दिवशी बाहेर काढ. मंद आचेवर. उकळी आणू नकोस." "आंबट साय शेवटी घाल, आधी घातलीस तर फाटेल." "ढवळ. ढवळ म्हणजे उभं राहून ढवळ, टीव्हीसमोर जाऊन बसू नकोस." ऑक्टोबरात ती वारली. त्या दिवशी मी इतका भरलेला होतो, की झाकण दाबून लावावे लागे.

मित्रांनो, त्यावेळी मला दुःख झाले असे म्हणावयास हवे. पण खरे सांगावयाचे तर मला काही जाणवले नाही. मोटर चालू होत होती, बंद होत होती. बहुधा ओरेस्तचेही तसेच असावे. तो रोज सकाळी अकराच्या सुमारास खाली येई, सर्वात वरचा डबा उचली, चिठ्ठी वाची आणि जाई. तो रडत नसे. नाताळ झाला, बर्फ वितळले, पेरणी झाली. शेत आता वसिलचा जावई करीत होता. मी हळूहळू रिकामा होत होतो.

जूनमध्ये अकरा डबे उरले, आणि ओरेस्तने डबे उचलणे बंद केले.

येणे मात्र त्याने बंद केले नाही. अकरा वाजता तो येई, झाकण उघडी, चिठ्ठ्या वाची आणि झाकण लावी. वर तो काय खात होता, ते कचऱ्याच्या पिशवीतून वाजणाऱ्या टिनच्या डब्यांवरून मला समजत असे. पँट सैल झाल्यामुळे त्याने पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडले. ते त्याने माझ्याच झाकणावर पट्टा ठेवून पाडले.

जुलैत डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेस्या त्याला सॅस्काटूनला, आपल्या घरी घेऊन गेली. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी वादळ झाले. माझी मोटर मध्येच थांबली. मी भरलेला असतो तर दोन दिवस तग धरला असता, कारण गोठलेली वस्तू शेजारच्या वस्तूला गोठलेली ठेवते. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तरी चालते. पण हे स्टेफ्काने कोणास सांगितलेच नव्हते. तिच्या काळात माझ्यात जागा कधी रिकामी राहिलीच नव्हती. पहिल्या दिवशी कडेचे बर्फ सुटले. दुसऱ्या दिवशी पेल्यात नाणे तिरके झाले आणि बुडाले. तिसऱ्या दिवशी डबे आतून मऊ झाले. चौथ्या दिवशी वीज आली, आणि जे मला येते तेच मी केले. सारे पुन्हा गोठविले. नाणे तळाशी गोठले.

ओरेस्त परत आला. डोळ्यावर पट्टी होती. त्याने झाकण उघडले आणि दुसऱ्या डोळ्याने पेल्यात पाहिले. मग पेला उचलून उजेडात धरून पाहिला. नंतर तो वर गेला. नळ वाजला. तो पेला घेऊन आला, त्यात नुसते पाणी होते. दुसऱ्या दिवशी पाणी गोठल्यावर त्याने खिशातून तेच नाणे काढले आणि बर्फावर, अगदी मधोमध, ठेवले.

मित्रांनो, घरात तो एकटाच होता. हे त्याने कोणास फसविण्याकरिता केले, ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढेच जाणत होतो की ते डबे आता विषासारखे आहेत. आणि मला तोंड नव्हते.

पुढच्या रविवारी लेस्या आली. वरूनच तिचा आवाज येत होता.

"बाबा, घरात खायला काय आहे? फ्रिजमध्ये नुसता मोहरीचा सॉस! सॉस खातोस का तू?"

"ब्रेड आहे."

"ब्रेडला बुरशी आहे. थांब, खाली आईचं काही असेल."

ती भराभर जिना उतरली. ओरेस्त तिच्या मागोमाग आला. पण शेवटच्या पायरीवर थांबला. तिने झाकण उघडले, आधी पेल्यात डोकावली, आणि हसली.

"नाणं ठेवतोस अजून? बघा, आईची शिस्त! ती असताना ऐकलं असतंस तर." तिने दोन डबे उचलले. "कोंबडीचं सूप. दोन डबे पुरतील."

"ते राहू दे."

"का?"

"राहू दे म्हणतोय ना."

"कुणासाठी ठेवलेत, बाबा? आई काय परत येऊन मोजणार आहे?" मग हळू आवाजात म्हणाली, "मलापण खायचंय रे. वर्ष होत आलं. मलापण एकदा तिच्या हातचं खायचंय."

ती डबे छातीशी धरून निघाली. जिना अरुंद आहे. त्याला बाजूला व्हावे लागले, आणि तो झालाही. ती वर पोहोचली. गॅसची टिकटिक ऐकू आली. चिठ्ठी ती मोठ्याने वाचू लागली, "मंद आचेवर, आणि ओरेस्त, झाकण ठेव..."

"लेस्या."

"काय?"

"ते नाणं मी ठेवलंय."

"माहितीये. आई कशी ठेवील?"

"तसं नाही. ते तळाला होतं. वादळात वीज गेली होती. मी पाणी बदललं आणि वर ठेवलं."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

"सगळे?" लेस्याने विचारले.

"सगळे."

"आणि मी हे खाल्लं असतं तर?"

"म्हणून सांगतोय."

"आणि मी आले नसते, तर तू खाल्लं असतंस?"

तो म्हणाला, "आज ना उद्या."

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. त्याचा कोरडा होता. दोघांनी उरलेले नऊ डबे टोपलीत घातले. भटकी कुत्री उकरतील म्हणून ओरेस्तने परसात कमरेइतका खड्डा खणला. पट्टी बांधलेल्या डोळ्याने खणू नये असे ती म्हणाली. त्याने ऐकले नाही. डबे तिने रिकामे केले. त्याने माती लोटली.

दुपारचे दोन वाजून गेले असावेत.

"चल, गावात जाऊन खाऊ काहीतरी," लेस्या म्हणाली.

"नको. बटाटे आहेत. कांदा आहे. वसिलच्या बायकोनं अंडी दिलीत."

"तुला येतं?"

"नाही. तू सांग, मी करतो."

"मला तरी कुठे आईसारखं येतं?"

"मग दोघंही चुकू," ओरेस्त म्हणाला.

त्या दुपारी प्रथमच त्याच्या हातची सुरी पाटावर वाजली. ती फार सावकाश वाजत होती.

लेस्या गेल्यावर त्याने माझी वायर काढली. सोड्याच्या पाण्याने मला आतून पुसले, आणि कुबट वास धरू नये म्हणून झाकणाखाली लाकडाचा ठोकळा लावला. बंद फ्रीझर असाच उघडा ठेवावा. हे त्याला कोणी सांगितले, मला माहीत नाही. त्यानंतर तो खाली आला नाही. अकरा वाजतात आणि पावले वरच्या मजल्यावरच राहतात. तो लेस्याला फोन लावतो आणि मोठ्याने बोलतो, कारण त्याचे हात गुंतलेले असतात.

"कांदा झाला हे कसं ओळखायचं?"

"लालसर झाला की."

"माझा काळा झालाय."

"मग झालाच म्हणायचा, बाबा."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात जे कोणी रोज रांधते, ते कधीतरी म्हणेल, "इकडे ये, बघून ठेव." तेव्हा हातातले काम टाकून जा. मीठ केव्हा घालतात, आच केव्हा उतरवितात, ते शेजारी उभे राहून पाहा. आणि केलेले अन्न वेळेवर खा. माझ्यासारखा फ्रीझर अन्न राखतो, तेही वीज असेपर्यंत. रांधणारा हात मला राखता येत नाही. तो राखावयाचा असेल, तर दुसऱ्या हातातच राखावा लागतो.

मी आता गरम आहे, म्हणजे तळघराइतका. मला त्याचे काही वाटत नाही. आज वर शेपू चिरली आहे. तिचा वास जिन्याने उतरला आणि माझ्या उघड्या झाकणातून आत आला. सवयीप्रमाणे मी तो धरून ठेवावयास गेलो. तो राहिला नाही. उद्या ओरेस्तला शेपू पुन्हा चिरावी लागेल.