मंगळवारची बस

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही राहता ते शहर तुमच्या आजी-आजोबांनीच जंगल साफ करून उभारलं आहे. अणुवीज केंद्रासाठी रशियन मुलखातून ते लिथुआनियात आले. तेव्हा शाळेत, बाजारात, जिन्यात रशियनच कानावर पडायची. पुढे देश स्वतंत्र झाला, केंद्र बंद पडलं, कितीतरी माणसं शहर सोडून गेली. हळूहळू लिथुआनियन कुटुंबं राहायला आली आणि नगरपरिषदेत लिथुआनियनच बोलायची असं ठरलं.

दहा वर्षांची ताया याच शहरातली. त्या एप्रिलमध्ये तिची आजी क्लावदिया घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होती. आजोबा हिवाळ्यात वारले होते. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी रंगवलेली अंडी घेऊन कबरीवर जायचं, आपल्या माणसाला ईस्टर झाल्याचं सांगायचं, ही त्यांची रीत. कबरस्तान मात्र पार जंगलापलीकडे.

नगरपरिषदेनं त्यासाठी बस ठेवली होती. पण ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि थांब्यावर तारीख लावली ती गेल्या वर्षीची! लिथुआनियन लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात एक नोव्हेंबरला, आणि ती तारीख कधी हलत नाही. नव्या अधिकाऱ्यांना वाटलं, यांचीही हलत नसणार.

"दोन आठवडे उशिरा बस! तोवर काय मेलेल्यांना ताटकळत ठेवायचं?" शेजारची झिनाइदा फणकारली.

"टॅक्सीनं जा ना," ताया म्हणाली.

"अख्ख्या इमारतीतल्या म्हाताऱ्या एका टॅक्सीत कोंबतेस की काय?"

"मग आजी, तू परिषदेत जाऊन सांग."

"मागं मी उठले होते बोलायला. ते म्हणाले, आजीबाई, लिथुआनियनमध्ये बोला. बोबडीच वळली माझी." आजी खिडकीशी गेली, परत फिरली. "तू त्यांच्या लिथुआनियन शाळेत जातेस ना? तूच बोल."

मंगळवार चार दिवसांवर आला होता.

परिषदेच्या बैठकीत तायाची पाळी आली. अडखळत का होईना, तिनं सगळं सांगितलं. परिषदेतले रशियन सभासद मान खाली घालून बसले होते. आपलं लिथुआनियन कच्चं, लोक हसतील, ही त्यांची भीती.

अध्यक्ष रिमविदास गोड हसले. "शाब्बास, मुली! किती छान बोलतेस. पण वेळापत्रक ठरून गेलंय. पुढच्या बैठकीत बघू हं."

"पुढची बैठक तर मे महिन्यात आहे."

"मग? महिना काय, आत्ता सरेल."

सभागृहात थोडा हशा पिकला. मागून झिनाइदा कुजबुजली, "बस गं खाली. मोठ्यांचं ऐकत नाहीत, तुझं ऐकणारेत!"

आजी मांडीवरचा रुमाल नुसता चुरगाळत होती.

तायानं आजीकडे पाहिलं. मग ती बसण्याऐवजी पुढे गेली, मायक्रोफोन आपल्या उंचीला खाली ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.