काही आढळले नाही

मशीन थांबले तेव्हा बाईंनी हात वर केलेलाच नव्हता.

जुन्या गावात पाइपासाठी कुठेही चर खणायचा, तर पुरातत्त्व कार्यालयाच्या बाई काठावर हजर असायच्या. मातीचा रंग बदलला की त्या हात वर करायच्या आणि मशीन थांबायचे. डोळ्यांत तेल घालून माती बघायची, याचाच त्यांना सत्तावीस वर्षे पगार मिळत होता. बहुतेक दिवशी काहीच निघत नसे. मग तक्त्यात ‘काही आढळले नाही’ असे लिहून त्या डबा उघडत. लेक चिडवायची, "आई, तुला काही न सापडण्याचाच पगार मिळतो!"

"काय रे, बिघडलं का काही?" बाईंनी विचारले.

ड्रायव्हर खाली उतरला. "नाही बाई. तो काळा गोल दिसतोय ना, बकेटच्या दाताशी?"

बाईंना चर दिसत होता, माती दिसत होती. काळे काही दिसत नव्हते. दोन महिन्यांपासून सगळी माती एकाच मळकट रंगाची झाली होती. कागदावरची अक्षरे दिसत, रंग मात्र विझले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. कळले असते तर कार्यालयाने टेबलाच्या कामाला बसवले असते, आणि तिथे त्यांचा जीव रमला नसता.

बाई चरात उतरल्या. चिमूटभर माती बोटांत चोळली. मऊ राख, मध्ये कोळशाचे कण.

"चूल आहे कुणाची तरी. शाबास!"

ड्रायव्हर हसला नाही. "चार दिवस झाले, तुम्ही बोटांनीच बघताय."

बाईंनी बोटे पुसली. "काल असं काही होतं का?"

"जाऊ द्या ना बाई."

"होतं का?"

"होतं. कोपऱ्यावर. असेच तीन गोल, ओळीनं. मी थांबलो होतो जरा. तुम्ही हात केला नाहीत. म्हटलं, बाईंनी बघितलंय म्हणजे काही नसणार."

कालची माती ट्रकने गेली होती. सकाळी तिथे काँक्रीटही पडले होते. त्या चुली होत्या की जुन्या घराच्या खांबांचे खड्डे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते. बाईंना लाज वाटली, ती चुकीपेक्षा त्याच्या भरवशाची.

"माझं नाव घाला हवं तर," तो म्हणाला. "म्हणा, यानं सांगितलंच नाही."

"गप रे. वेडा आहेस का?"

त्यांनी कालचा तक्ता काढला. ‘काही आढळले नाही’ यावर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले, ‘मला दिसले नाही. मशीनचालकाला दिसले होते.’ सही केली, तारीख घातली. हे वाचल्यावर कार्यालय काय करणार, ते त्यांना ठाऊक होते.

"चल, कुठं होते ते तिन्ही, पावलं टाकून दाखव."

काँक्रीटच्या कडेने तो पावले मोजत निघाला. बाई मागून आकडे लिहीत चालल्या.

"इथं," तो म्हणाला, आणि त्याने हात वर केला.

बाई थांबल्या.