गोळ्यांच्या पाकिटातलं तेज

सकाळचे पावणेआठ, आणि प्रार्थनेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या वेळी तिथे वीसेक माणसं असायची, त्यातली बारा प्रार्थनेनंतरच्या पोह्यांसाठी. आज वॉर्डातले पेशंट सलाईनचे स्टँड ढकलत आले होते, नातेवाईक खिडक्यांच्या गजांना धरून उभे होते आणि पायाला प्लास्टर घातलेले एक आबा दोघांच्या खांद्यावरून आत येऊन थेट पहिल्या रांगेत बसले होते.

समोर ब्रदर नहेम्या. पांढरा सफारी, डोळे मिटलेले, कपाळाला एक चिकटवलेलं पाकीट.

"मला दिसतंय," ते म्हणाले. "दोन चाकं दिसतायत. बाई दिसतेय. बाई पडतेय. बाई उठतेय. झुंबरबाई कोण आहे इथे?"

झुंबरबाईचं नाव पाकिटावर बोटभर उंचीच्या अक्षरांत होतं. तरीही खोली दचकली.

"बहीण झुंबरबाई, प्रभू म्हणतो, या वर्षी तू स्कुटी शिकशील."

पाकीट फाडलं. आतल्या कार्डावर लिहिलं होतं, 'स्कुटी शिकने'. शिवाय त्या अक्षरांभोवती फिकट निळं वलय पसरलेलं. ब्रदरांनी कार्ड उंच धरलं. "हे बघा. जिथे प्रभूची नजर पडली, तिथे तेज."

झुंबरबाई आमच्याकडे फरशी पुसते. ती कार्डाकडे बघत म्हणाली, "मी तं हाई नवऱ्यालेबी सांगेल नही."

आमचा जैतून दवाखाना मिशनचा आहे. नरडाणा स्टेशनवरून रिक्षाने वीस मिनिटं. इथे एक पद्धत आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, बायबलमधल्या वचनाचं एक कार्ड मिळतं. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याने आपलं वर्षाचं ध्येय लिहायचं, पाकिटात घालून चिकटवायचं, वर नाव टाकायचं आणि पत्र्याच्या पेटीत सोडायचं. नाताळात पेटी उघडायची. कोणाचं ध्येय पूर्ण झालं तर टाळ्या, नाही झालं तर जास्त टाळ्या. पाकिटं माझ्या मेडिकलमधली, गोळ्या देतो ती पातळ पांढरी. मी मनन, इथला फार्मासिस्ट. आमचं धुळ्यात किराणा दुकान आहे, आणि आजोबा पुखराजजी अजून समजतात की मी इथे डॉक्टर आहे.

यंदा पेटी भरली आणि लगेच देवाचा निरोप सांगणारा 'संदेष्टा' म्हणून ब्रदर नहेम्या पाहुणे आले, ते एका मोठ्या गाडीतून. रोज सकाळी सहा ते सात प्रार्थनेच्या खोलीत दार लावून एकटे बसायचे, 'पेटीवर हात ठेवून'. पावणेआठला तीन पाकिटं निवडायचे आणि तिन्ही बरोबर सांगायचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दवाखान्याच्या मैदानात पेशंटसाठी 'औषधमुक्ती सभा' घ्यायचं त्यांनी जाहीर केलं होतं. प्रभूसाठी फार पायपीट होते, तळव्याला फोड आलेत, असं सांगून माझ्याकडून ते रोज स्पिरिटची एक छोटी बाटली न्यायचे. गाडीतून फिरणाऱ्याला फोड कसे येतात, हे मी विचारलं नाही. फार्मासिस्टने एवढ्या खोलात जाऊ नये असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी माझं पाकीट निघालं. "मननच्या मनात एक दुकान आहे," ब्रदर म्हणाले. "मनन दुकानाकडे जात नाही. मनन दुकानापासून दूर जातोय."

कार्डावर होतं, 'पप्पांना सांगणे की मी दुकानात बसणार नाही'. तेजासकट. आमचा क्लार्क बन्सीलाल पप्पांचं जुनं गिऱ्हाईक. दुपारी बारापर्यंत त्याने धुळ्याला फोन केला. म्हणजे माझं वर्षाचं ध्येय बन्सीलालने जानेवारीतच पूर्ण करून टाकलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. तिसऱ्या दिवशी चुडामणभाऊंचं पाकीट निघालं.

चुडामणभाऊ आमची अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात. वय चोपन्न. बारा वर्षांपासून मधुमेह, दहा वर्षांपासून इन्सुलिन, सकाळी आठ आणि रात्री आठ. कार्डावर त्यांनी दरवर्षी लिहिलेलंच यंदाही लिहिलं होतं, 'सुई सुटावी'.

"सुटेल असं प्रभू म्हणत नाही," ब्रदर डोळे मिटून म्हणाले. "प्रभू म्हणतो, आज सुटली."

भाऊंनी त्याच सकाळी सुई सोडली आणि तीन जिलेब्या खाल्ल्या.

चार दिवसांनी त्यांची बायको बेबाबाई माझ्या खिडकीशी आली. ती मेसमध्ये पोळ्या करते. तिने पदरातून इन्सुलिनची बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"मननभाऊ, हाई परत ल्या. यास्ले आते लागाव नही म्हणे."

"कोण म्हणे?"

"देव म्हणे." तिने बाटली आणखी पुढे सरकवली. "रातभर पाणी पितस. घडीघडी उठतस. मी बोलनू तं सांगतस, हाई जिवंत पाण्यानी तहान शे, ब्रदरनी सांगेल शे."

"आणि नजर? नीट दिसतं का त्यांना?"

"काल गाडी शेळ्यास्ना गोठामोऱ्हे उभी करी दिधी. पेशंटले म्हणतस, उतर, दवाखाना उना."

मी बाटली परत घेतली नाही. तिला घेऊन पाडवी मॅडमकडे गेलो. डॉ. प्रमिला पाडवी आमच्या प्रमुख. नवापूरकडच्या, आजोबांपासून ख्रिस्ती, कुठल्याही ऑपरेशनआधी मान खाली घालून अर्धा मिनिट प्रार्थना करणाऱ्या. त्यांनी भाऊंना बोलावून बोटातलं रक्त तपासलं. साखर चारशे अडतीस.

"चुडामणभाऊ, हे थट्टेचं काम नाही. असंच चाललं तर आठवडाभरात बेशुद्ध पडाल."

भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, दहा वर्स तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केली. तुम्हीच सांगितलं, देव ऐकतो. आता त्याने ऐकलं, तर तुम्हीच नाराज."

मॅडमनी हात पुढे केला.

"निदान दोन दिवस गाडीला हात लावू नका," एवढंच त्या म्हणाल्या. किल्ली त्यांनी काढून घेतली. सुई मात्र कोणी जबरदस्तीने देऊ शकत नाही.

त्याच दुपारी लॅबमध्ये एक धर्मचर्चा भरली होती. लॅब टेक्निशियन कहकशाचं पाकीट सकाळी निघालं होतं. ध्येय ब्रदरांनी अचूक सांगितलं ('मावशीकडे अजमेरला एकटीने जाणे'), पण कार्डावर तेज नव्हतं. अक्षरं काळी आणि स्वच्छ.

"धर्माचा प्रश्न असावा," बन्सीलाल म्हणाला. "प्रभूने बघितलं, पण लांबून."

"मग मननच्या कार्डाला कसं आलं? तो काय बाप्तिस्मा घेऊन आलाय?" कहकशाने विचारलं.

बन्सीलाल विचारात पडला. "जैनांना थोडी सवलत असेल."

कहकशाने माझं आणि तिचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मनन, तू कशाने लिहिलं होतंस?"

"बॉलपेनने."

"मी पेन्सिलीने. मला सवयच आहे. रक्त तपासायच्या काचेवर नाव पेन्सिलीने लिहायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पेनने लिहिलं तर काचेला रंग देताना स्पिरिटमध्ये सगळं नाव वाहून जातं." मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "आपल्याकडे कोण रोज स्पिरिट नेतं?"

मी मेडिकलचं रजिस्टर आणायला गेलो नाही. गरज नव्हती.

तिने गोळ्यांचं एक नवं पाकीट घेतलं, आत पेनने काहीतरी लिहिलेलं कार्ड घातलं, चिकटवलं आणि कापसाचा ओला बोळा वरून फिरवला. कागद तेल लागल्यासारखा आरपार झाला. आतली अक्षरं खिडकीतून दिसावीत तशी दिसली: 'बन्सीलाल चहा पाजत नाही'. दोन मिनिटांत पाकीट सुकलं, पुन्हा पांढरंशुभ्र. फोडून बघितलं तर अक्षरांभोवती फिकट निळं तेज.

"पण वास?" मी म्हणालो. "सकाळी कोणालाच वास कसा आला नाही?"

"दवाखान्यात?" कहकशा म्हणाली. "इथे ज्या दिवशी स्पिरिटचा वास येणार नाही, त्या दिवशी लोक विचारतील."

आम्ही मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी. चुडामणभाऊंना पहिल्या रांगेत बसवा."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला भाऊंना दोघांनी धरून आणलं. ओठ कोरडे, श्वास जोराचा. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सिस्टरला खुणेनेच बेड तयार ठेवायला सांगितलं.

मग ब्रदरांसमोर एक पाकीट ठेवून त्या म्हणाल्या, "हे माझं. आज हे सांगा."

ब्रदरांनी ते कपाळाला लावलं. कार्ड आत गोळ्यांच्या पट्टीच्या चंदेरी कागदात गुंडाळलेलं होतं. शिवाय आज पाकीट आधी एकांतात मिळालेलं नव्हतं. मिनिट गेलं. दोन गेली.

"आज स्वर्गात ढग आहेत," ब्रदर म्हणाले.

"फक्त माझ्यावरच?"

"शंका असली की दर्शन अडतं, डॉक्टर. या खोलीत कोणाच्या तरी मनात शंका आहे."

"माझ्या," कहकशा मागून म्हणाली आणि ट्रे घेऊन पुढे आली. ट्रेमध्ये कापूस, स्पिरिट आणि पेटीतलं एक न फोडलेलं पाकीट. ते तिने भाऊंच्या मांडीवर ठेवलं. नाव होतं, बेबाबाई. "मावशी, चालेल ना?"

बेबाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने मान हलवली. "वाचू द्या त्यास्ले."

"भाऊ, डोळे मिटू नका. कपाळालाही लावू नका. हा बोळा फिरवा आणि वाचा."

भाऊंनी बोळा घेतला. बोळा फिरला. पाकीट आरपार झालं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते नाकाजवळ धरलं आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं.

"यास्नी... सुई... चुकाले नको. माले... यास्नासंगे... म्हातारं व्हनं शे."

भाऊ पाकिटाकडे बघत राहिले. ते सुकलं, पांढरं झालं, अक्षरं गेली. त्यांनी बोळा पुन्हा फिरवला. अक्षरं आली.

"मग मीबी संदेष्टा शे का?" त्यांनी विचारलं.

"स्पिरिट असेपर्यंत," कहकशा म्हणाली.

मग तिने तेजाचं गणित सांगितलं, माझं कार्ड आणि तिचं कार्ड फिरवून दाखवलं, पेन आणि पेन्सिल. प्लास्टरवाल्या आबांनी दोन्ही कार्डं तपासली आणि ब्रदरांकडे वळून विचारलं, "तुम्हना पायना फोड दखाडा बरं." ब्रदर उठून गाडीच्या दिशेने चालू लागले. तळव्याला फोड असलेला माणूस इतक्या भरभर चालताना मी पहिल्यांदाच पाहिला.

भाऊ जागचे हलले नाहीत. "मॅडम, एक सांगा. मग मी दहा वर्स प्रार्थना केली, ती वाया गेली का?"

मॅडम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"दहा वर्षं तुमचे डोळे शाबूत आहेत. पाय शाबूत आहेत. शेकडो बायका तुम्ही वेळेवर बाळंतपणाला पोचवल्या. हे कशामुळे, ते मला माहीत आहे. सकाळी आठ, रात्री आठ. त्याच्यामागे आणखी कोणाचा हात असेल तर मी रोज त्याचे आभार मानते, पण ते मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि दाखवतो म्हणून सांगणारही नाही. जो म्हणतो मला दिसलं, त्याला एवढंच विचारा, कसं दिसलं? मलाही विचारा. औषध लिहून देते तेव्हा रोज विचारा, का देताय? मला राग येणार नाही. ज्याला राग येतो, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका."

भाऊ पुढे सरकून बसले.

"का देताय?" त्यांनी विचारलं.

"रक्तात साखर साचलीय. पेशींमध्ये जायला तिला इन्सुलिन लागतं, आणि ते तुमच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. म्हणून बाहेरून."

"हाई दहा वर्समा कोणी सांगं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आणि मी सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

भाऊंनी शर्टाची बाही वर केली. बेबाबाई पुढे येऊन शेजारी उभी राहिली. सिस्टरने सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. संध्याकाळी साखर दोनशे साठवर आली, आणि भाऊंनी सिस्टरला विचारलं, दोनशे साठ का, दोनशे का नाही. तेव्हापासून ते वॉर्डातल्या प्रत्येक गोळीबद्दल विचारतात. सिस्टर वैतागल्या आहेत. वैतागू द्या. तुम्हीही विचारा, डॉक्टरला विचारा, बाबाला विचारा, मेडिकलच्या खिडकीत मला विचारा. खरं असेल ते विचारल्याने कमी होत नाही, आणि खोटं असेल तर दोन-तीन प्रश्नांपलीकडे टिकत नाही.