भेगांत भरलेली लांबी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रोलर कोस्टर आहे आणि मी कुरकुरतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाडी वळणावर आली की माझं लाकूड जरासं झुकतं आणि पुन्हा सरळ होतं. ते झुकलं नाही तर मोडेल. पण लोकांना वाटतं, म्हातारा आता गेला!

सुतारांनी मला जागेवरच उभं केलं. खांब, तुळया, तिरपे आधार, सगळं हातानं जोडलं. माझी गाडी साखळीनं उंच चढायची आणि खाली सुटली की भलेभले 'आई गं' म्हणून ओरडायचे. उतरल्यावर तेच लोक पुन्हा रांगेत! फार लाड झाले माझे त्या काळात. मग बागेत माझ्या शेजारी लोखंडी कोस्टर आला, गुळगुळीत, चकचकीत. रांग तिकडे वळली. माझ्याकडे कोण बघतो? फक्त मिस्त्री. रोज सकाळी ते माझ्या रुळांवरून चालत यायचे, कुठे तडा दिसतोय का बघायचे, बोल्ट आवळायचे. त्यांची मुलगी ब्रेकच्या दांड्यावर असायची.

एके दिवशी बागेच्या मालकीणबाई म्हणाल्या, या सुट्टीत गर्दी झाली नाही तर याला पाडायचं. बापलेकींनी ठरवलं, याला नवरदेवासारखा सजवायचा. त्यांनी मला घासलं, पुसलं, भिंतीला रंग देण्याआधी भरतात तशी माझ्या भेगांत लांबी भरली आणि वर पिवळाधमक रंग दिला. प्रेमापोटीच केलं हो सगळं. पण आता नवा तडा गेला तरी दिसणार नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ही भलीमोठी रांग लागली. मालकीणबाई नातवंडांना घेऊन आल्या. मलाही मनातून गुदगुल्या होत होत्या. आणि तेवढ्यात मोठ्या वळणावर माझी एक तुळई आतून फाटू लागली. मला कळत होतं, पण सांगणार कसं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली. ती गाडी कशीबशी परतली, माणसं हसत उतरली. मिस्त्रींच्या मुलीनं मात्र दांडा ओढून धरला आणि पुढच्यांना बसूच दिलं नाही. वळणावर गाडीला बसलेला हिसका तिला रोजचा वाटला नव्हता.

"बाबा, मी गाडी सोडणार नाही."

"अगं, बाई समोर उभ्या आहेत. आज बंद पडला तर कायमचा जाईल हा."

"जाऊ दे. पोरं बसायचीत यात."

मिस्त्री त्या मोठ्या वळणापाशी वर चढले आणि पटाशीनं आपणच दिलेला रंग खरवडू लागले. लांबीखाली बोट जाईल एवढा तडा निघाला. खाली येऊन त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं की लांबी आपणच भरली, चूक आपलीच, आता गाडी बंद ठेवावी लागेल. रांग पांगली. मी तर आशाच सोडली.

मालकीणबाईंनी वर वळणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुळई बदला. रंग सगळा काढून टाका. वेळीच गाडी थांबवलीत, म्हणून माझी नातवंडं तुमच्याच गाडीत बसतील."

मित्रांनो, आता मी पुन्हा पूर्वीसारखा काळपट दिसतो आणि भरपूर कुरकुरतो. तुमच्याही घरात, शाळेत एखादं जुनं काही असेल. त्याच्यावर माया असली तर नुसतं नटवू नका, रोज जरा निरखून बघत जा. माझ्या भेगा दिसतात, तर दिसू देत. दिसल्या तरच कुणीतरी बघेल.