कुपवाडच्या माळावरची मुंबई

हिंदुरावला गाडी चालवायची भीती वाटायची, आणि ही गोष्ट कुपवाडच्या माळावर एकट्या हिंदुरावलाच ठाऊक होती. पलटणीतला ड्रायव्हर म्हणून त्याचा केवढा दबदबा! पण बासष्टच्या लढाईत घाटात पुढची लॉरी त्याच्या डोळ्यांदेखत कड्यावरून खाली गेली, आतल्या माणसांसकट. तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावला की त्याला तो कडा दिसायचा. पेन्शनीत येऊन त्यानं मोटारदुरुस्तीचं शेड टाकलं. दुरुस्त झालेली गाडी फिरवून बघायचं काम धाकट्या भावाचं, धनाजीचं. "माजी नजर अधू झालीया," असं हिंदुरावनं सांगून ठेवलं होतं. लोकांनी ते मानलं. पलटणीतला माणूस खोटं कशाला बोलेल?

पण गाडीचं वेड काही सुटेना. मग त्यानं शेडसमोरची जमीन चोपून सपाट केली आणि चुन्याच्या फक्कीनं तिच्यावर मुंबई काढली. कुलाब्याच्या छावणीत दोन वर्षं काढलेली, रस्ते पाठ. या मुंबईत मोटारींची शर्यत व्हायची होती. सुरुवात चर्चगेटपाशी. डाव्या हाताला समुद्र ठेवून सुसाट चौपाटीपर्यंत जायचं, तिथं निशाण, निशाणाला वळसा घालून आल्या रस्त्यानं परत. शर्यत म्हणून जन्मात त्यानं बघितल्या होत्या त्या यात्रेतल्या बैलगाड्यांच्या, आणि त्या तशाच जाऊन-येऊन असतात. वळणावर पेंढ्याचे भारे रचायचे, कठड्यावर माणसं बसवायची, पंचाला सावलीत खुर्ची. संध्याकाळी चार टाळकी जमायची आणि चौपाटीच्या वळणावरून हमरीतुमरीवर यायची. त्यातल्या एकानंही चौपाटी बघितली नव्हती, ही गोष्ट वेगळी. फक्कीच्या मुंबईत कुणी मरत नव्हतं, म्हणून हिंदुराव तिथं सुखी होता.

एके दिवशी धनाजी म्हणाला, "दादा, तुजी मुंबई एकदा खऱ्या रस्त्यावर पळवून बघू की रं."

बागाईतदाराचा पोरगा नानासो, स्वतःची जीप बाळगणारा, तो तर टपूनच बसला होता. हिंदुरावला ते पटेना. नको म्हणावं, तर का नको ते सांगायला लागणार. ते कसं सांगायचं? त्यानं मान हलवली आणि पंच झाला.

माळापासून कवलापूरच्या अंगाला एक कच्चा रस्ता जायचा. दोन्ही बाजूंना खोलगट रानं, मधे एका गाडीपुरती वाट. लांबच्या वडाला धोतराचं फडकं बांधून निशाण केलं. वाट अरुंद, म्हणून हिंदुरावनंच तोड काढली. आधी धनाजीला सोडायचं, जरा वेळानं नानासोला, आणि निकाल घड्याळावर. म्हणजे अंगाला अंग लागायचं नाही. सगळ्यांनी वाहवा केली.

धनाजी शेडमधली एक दुरुस्त झालेली जीप घेऊन सुटला तसा धुरळ्याचा डोंगर उठला. मग हिंदुरावनं रुमाल खाली केला, आणि नानासोची जीप त्या धुरळ्यात शिरून दिसेनाशी झाली.

धनाजीची बायको चंद्राबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं पदर सावरत विचारलं, "आवं भावजी, ह्ये परत कुठल्या वाटेनं येनार?"

"ह्याच," हिंदुराव म्हणाला, आणि त्यानं हातातल्या रुमालाकडे बघितलं.

ह्याच वाटेनं. एक जाणारा, एक येणारा, मधे हातभर पुढचं दिसत नाही. यात्रेत गाड्या समोरासमोर आल्या तर बैलं आपसूक बाजूला होतात. लोखंडाला कुठली आलीया अक्कल? त्यानं आपल्या हातानं भावाच्या समोर मरण सोडलं होतं, तेही रुमाल दाखवून.

शेडपाशी दुरुस्तीला आलेली लॉरी उभी होती. तो तिच्यात कधी चढला ते त्यालाच कळलं नाही. पाय क्लचवर ठरत नव्हता. 'देवा, नानासोला गाठू दे, एवढं गाठू दे,' असं पुटपुटत त्यानं लॉरी धुरळ्यात घातली. हॉर्नवरचा हात त्यानं काढलाच नाही.

थोडं पुढं गेला तर वाट जरा रुंद झाली होती, तिथं कडेला बाभळीखाली नानासोची जीप उभी. बॉनेट उघडं, आतून वाफा, आणि नानासो शेजारी कपाळाला हात लावून बसलेला. हिंदुरावचा जीव भांड्यात पडला. गाडी तापली होती, बस्स. वाचला धनाजी!

पण लॉरी पळतच होती, आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धनाजीच्या समोरून आता एकच गाडी येत होती, आणि ती त्याची होती.

त्यानं ब्रेक दाबायला पाय उचलला, तेवढ्यात समोरचा धुरळा फाटला. जीपचं नाक. काचेमागं धनाजीचं तोंड. बाजूला फक्त खोल रान, म्हणजे गाडी कडेवरून खाली जाणार. चार वर्षं झोपेत तेच बघून तो घामाघूम होऊन उठत होता. हिंदुराव लहान पोरासारखा मोठ्यानं ओरडला आणि त्यानं स्टेअरिंग रानाकडे फिरवलं.

लॉरी कलंडली. तोंडात माती आली, खांद्यात कळ गेली. मग वरून पाय वाजले आणि धनाजीनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. दोघं नांगरटीत बसले. हिंदुराव भावाचं डोकं, छाती, पाय चाचपत होता. कुठं खरचटलंही नव्हतं. तो घळाघळा रडायला लागला.

"मला लय भ्या वाटतं रं गाडीचं," तो म्हणाला. "लढाईपासनं. नजर चांगली हाय माजी."

धनाजीच्या ओठांना रंग नव्हता.

"दादा, मला तू दिसला हुतास," तो म्हणाला. "लॉरीचा टप धुरळ्यावरनं लांबनंच दिसला हुता. बिरेक मारायला टाईम हुता." त्यानं आपले हात एकमेकांत घट्ट धरले. "भ्यानं मी डोळं मिटलं."

हिंदुरावनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले. चारही हात कापत होते. रस्त्यावर जीप तशीच उभी होती, इंजिन फुरफुरत होतं, आणि लांबून चंद्राबाई हाका मारत पळत येत होती. ती आली, दोघांना जिवंत बघून मटकन खाली बसली, आणि मग म्हणाली, "चला आता, बसा गाडीत, घरला चला."

दोघंही उठले आणि पायी चालायला लागले.