शंभर मीटरच्या आत

आमचं घर देवळापासून चाळीस मीटरवर. देऊळ संरक्षित, म्हणून शंभर मीटरच्या आत साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. पर्यटक फोटो काढतात आणि म्हणतात, किती सुंदर जागी राहता तुम्ही. त्यांना एकदा माझ्या सासूला घेऊन पहाटे ओढ्याकडं पाठवायला हवं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्याबाईंना तेवढं अंतर चालायला पाऊण तास लागतो.

संडासाच्या खड्ड्यासाठी मी पाटणला आणि साताऱ्याला दोन वर्षं हेलपाटे मारले. परवानगी मिळाली ती एका अटीवर: खोदताना जुनं काही सापडलं तर काम तिथंच थांबवायचं. आज अकराला पुरातत्त्व खात्याचे साहेब खड्डा बघायला येणार होते, आणि साडेदहाला खड्डा खणणाऱ्या धुळाची पहार दगडावर वाजली.

माती झाडली तर ढाल-तलवार घेतलेला माणूस निघाला. वर चंद्रसूर्य कोरलेले.

"वैनी, वीरगळ हाय," धुळा म्हणाला. "लढाईत पडल्याल्या गड्याचा दगड. सायबाला सांगाय लागंल."

"कडंला घे नि पालथा घाल. वर उसाचं पाचट टाक."

मला लाज अजिबात वाटत नव्हती. मेलेल्यांची सोय सरकार बघतं, जित्यांचं कोण बघणार? ओसरीवरून आत्याबाई सगळं बघत होत्या.

साहेब आले. खड्ड्याला टेप लावला, मग नेमके पाचटावर पाय ठेवून उभे राहिले. सहीसाठी त्यांनी पेन काढलं, तोच आत्याबाई काठी टेकत खाली उतरल्या.

"सायेब, पाय काढा. खाली कुणाचा तरी ल्योक हाय."

मी डोळे मिटले. विश्वजीत, माझा नवरा, सीमेवर मारला गेला त्याला सहा वर्षं झाली. पेटी उघडू नका असं पलटणीच्या लोकांनी सांगितलं होतं. आत्याबाईंना त्याचं तोंड शेवटचं बघायला मिळालंच नाही.

धुळानं दगड उताणा केला. त्याचा हात धरून आत्याबाई कशाबशा खाली बसल्या आणि पदरानं त्या वीराच्या तोंडावरची माती पुसू लागल्या. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. काम बंद ठेवावं लागेल, म्हणाले. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

ते गेल्यावर माझा राग मावेना. "आत्याबाई, ह्ये तुमच्यासाठीच चाललं हुतं."

"व्हय पोरी, ठावं हाय मला." त्यांनी हात पुढं केला. "आता उठीव. ओढ्याकडं जायाचं हाय."